उणे सव्वादोन ढेपा



दशलक्षण पर्व संपलं की दरवर्षी मी इथे पारण्याच्या पदार्थांवर लिहिते. यंदा गणितावर लिहितेय. सातवीतल्या गणितावर. हसू नका, शेवटपर्यंत वाचा. कारण हे गणित मी चुकले आणि त्याचा भुर्दंड दुसऱ्याच एका बाईनं दहा महिने सोसला. तिची परवानगी घेऊनच लिहितेय. ती म्हणाली, "माझं नाव घालू नको, तुझी चूक मात्र नीट घाल."

गेल्या वर्षी आमच्या गावी माताजींचा चातुर्मास होता. बाहेरगावची माणसं दर्शनाला यायची, त्यामुळे बस्तीच्या भोजनशाळेची चूल रोज पेटायची. आपल्या भागात गूळ कमी पडत नाही. अक्षय तृतीयेला तर हमखास येतो, कारण ऋषभदेवांचं पहिलं पारणं उसाच्या रसानं झालं ही गोष्ट आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. कुणी दोन ढेपा आणून ठेवायचं, कुणी चार. पाच-पाच किलोच्या ढेपा. अक्षय तृतीयेपासून दिवाळीपर्यंत कोठीत एकूण २४ ढेपा जमा झाल्या.

कोठीची किल्ली आक्कांकडे होती. आक्का बस्तीच्या मागच्या गल्लीत एकट्याच राहतात. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. दिवसातून एकदाच जेवतात, आणि त्यांच्या हातचं धान्य निवडणं असं की पुन्हा सुपात घ्यायला नको. अकरा वर्षं किल्ली त्यांच्या कमरेला होती.

वही माझ्याकडे होती. आधीची वही जुन्या पद्धतीची होती, डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे. मी बी.कॉम. झालेली, म्हटलं जरा सुधारणा करू. एकच रकाना ठेवला. आलं ते अधिक, गेलं ते उणे. शेवटी बेरीज मारली की शिल्लक हातात. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

बऱ्याचदा गूळ अख्ख्या ढेपांनीच निघायचा. अशा अख्ख्या ढेपा निघाल्या ११. पण तीन नोंदी अपूर्णांकाच्या होत्या. एकदा दोन ढेपा आणि एकीचा चौथा भाग निघाला. एकदा एक ढेप निघाली आणि दुसरीचे तीन वाटे करून त्यातले दोन गेले. एकदा साडेतीन. माझ्या वहीत ते असं होतं:

−२ १/४
−१ २/३
−३ १/२

दिवाळीला निर्वाण लाडू झाले, माताजींचा विहार झाला, आणि मंडळाची हिशोबाची बैठक लागली. बैठकीच्या आदल्या दिवशी मी वहीची बेरीज केली. शिल्लक निघाली ८ ५/१२ ढेपा. म्हणजे बेचाळीस किलो गूळ. दुसऱ्या दिवशी चौघींनी मिळून कोठीतला गूळ काट्यावर घातला. तो भरला अठ्ठावीस किलोला थोडा कमी.

चौदा किलोचा फरक.

बैठकीत कुणी आक्कांना चोर म्हटलं नाही. आपल्यात असं तोंडावर कोण म्हणतं? एकीनं विचारलं, "कोठीला दुसरी किल्ली आहे का?" दुसरी म्हणाली, "तशी नाहीच म्हणा." तिसरी म्हणाली, "आक्कांवर विश्वास आहेच, पण किल्ली एकाच हातात नसावी." मी वही मांडीवर घेऊन गप्प बसले होते. वही मी लिहिली होती, बेरीज मी केली होती, आणि ती चुकली असेल हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. आक्का एवढंच म्हणाल्या, "मी नेला नाही. कुणी नेला मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी दर्शनाहून परतताना त्या आमच्या दारात आल्या. पदराच्या टोकाला बांधलेली किल्ली सोडून माझ्या हातात ठेवली. "तुझी वही खोटं बोलत नाही, आणि मीही बोलत नाही. मग किल्ली तूच ठेव." आत बोलावलं तर आल्या नाहीत. तेव्हापासून त्या बस्तीत यायच्या, दर्शन घ्यायच्या, जाप करायच्या, पण भोजनशाळेची पायरी चढल्या नाहीत. दहा महिने.

आता भाद्रपदाकडे येते.

उत्तम आर्जवाचा दिवस होता. संध्याकाळची आरती करून आम्ही घरी आलो. माझी धाकटी सातवीत आहे. परिमेय संख्यांच्या धड्यावर तिला घरचा अभ्यास दिला होता. एक उदाहरण तिनं सोडवून माझ्यापुढे धरलं:

−२ १/४ + (−१ २/३)

तिनं केलं होतं असं. आधी पूर्णांक, उणे दोन आणि उणे एक मिळून उणे तीन. मग अपूर्णांक, १/४ आणि २/३. छेद वेगळे, म्हणून लसावि काढला १२. तीन बारांश आणि आठ बारांश मिळून ११/१२. मग उणे तीनमध्ये ११/१२ मिळवले. उत्तर −२ १/१२.

मी पाहिलं. लसावि बरोबर होता, समच्छेद बरोबर होता. मी म्हटलं, "बरोबर आहे, झोप आता."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या तिनं दप्तर टाकलं. "तू बरोबर म्हणालीस आणि मॅडमनी फुली मारली!" लाल पेनाने लिहिलं होतं, −३ ११/१२.

मी वही घेऊन बसले. आमचं दोघींचं चुकलंय कुठे ते दिसेना. सासूबाई समोर डाळ निवडत होत्या. त्या चौथी शिकलेल्या. पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी सगळी तोंडपाठ. नुसतं ऐकून त्यांनी विचारलं, "पहिला आकडा काय म्हणालीस?"

"उणे दोन पूर्णांक एक चतुर्थांश."

"म्हणजे सव्वादोन देणं. नुसतं एवढंच घे. तुझ्या रीतीनं त्याचं काय होतं?"

मुलीनं केलं. उणे दोन अधिक पाव. उत्तर आलं उणे पावणेदोन.

"मग?" सासूबाई म्हणाल्या. "सव्वादोन देणं लागत होतीस, ते पावणेदोन कसं झालं? मधलं अर्धं कुणी फेडलं?"

मुलगी हसली. माझ्या पोटात मात्र खड्डा पडला. कुणी फेडलं? की कुणी नेलं? मला समोर कोठीची वही दिसायला लागली.

रात्री सगळे झोपल्यावर ती वही काढली. शेवटच्या पानाला टाचलेला कच्चा कागद अजून तसाच होता. त्यावर माझ्या अक्षरात सगळं होतं. मी नेमकं तेच केलं होतं, जे माझ्या मुलीनं केलं. सगळे पूर्णांक उण्याच्या खाली घेतले होते. अकरा, दोन, एक आणि तीन मिळून उणे सतरा. आणि १/४, २/३, १/२ हे तीन अपूर्णांक बाजूला काढून, त्यांची बेरीज १ ५/१२ करून ती अधिक म्हणून मिळवली होती. उणे सतरा अधिक एक पूर्णांक पाच बारांश, म्हणजे −१५ ७/१२. खरं तर गेला होता १८ ५/१२.

२४ मधून १८ ५/१२ वजा केले तर उरतात ५ ७/१२. पाच किलोची ढेप धरून गुणलं, तर अठ्ठावीसला थोडंसं कमी. काट्यानं दाखवलं होतं तेवढंच.

एक तोळाही गूळ कुठे गेला नव्हता.

वाईट वाटलं ते आणखी एका गोष्टीचं. अपूर्णांक बाजूला ठेवून नुसते पूर्णांक पाहिले असते, तरी चूक डोळ्यांवर आली असती. २४ मधून १७ गेले की राहतात ७. त्यातून वरचे तुकडे गेले म्हणजे सातापेक्षा कमीच उरणार. माझ्या वहीत शिल्लक आठाच्या वर होती. काट्यावर गूळ तपासायला आम्ही चौघी होतो. वही तपासायला कुणीच नव्हतं.

तुमच्या घरी सहावी-सातवीतलं कुणी असेल तर हे नीट सांगून ठेवा, कारण ही चूक फार जणांची होते.

"उणे दोन पूर्णांक एक चतुर्थांश" असं आपण वाचतो, तेव्हा उणे हा शब्द एकदाच येतो. पण तो दोन आणि पाव या दोघांनाही लागू असतो. −२ १/४ म्हणजे उणे दोन आणि वर उणे पाव. कंस घालून पाहा: −(२ + १/४). संख्यारेषेवर ही संख्या उणे दोनच्या डावीकडे, उणे तीनच्या बाजूला आहे. शून्याच्या बाजूला नाही.

आपल्या भाषेत दोन्ही प्रकार आहेत म्हणून मी सासूबाईंच्या शब्दांनीच मुलीला समजावलं. सव्वादोन म्हणजे दोनला पाव जास्त. पावणेदोन म्हणजे दोनला पाव उणे. पावणे या शब्दातच उणे लपलेलं आहे, आणि ते फक्त पावाला चिकटलेलं आहे, दोनला नाही. पण सव्वादोन रुपये देणं असेल तेव्हा दोन रुपयेही देणं असतात आणि चार आणेही देणंच असतात. चार आणे काही आपले येणे होत नाहीत. गणितात ऋण म्हणतात आणि व्यवहारातही ऋण म्हणतात, शब्द एकच आहे.

मग बेरीज कशी करायची? दोन्ही संख्या ऋण असतील तर सोपी रीत अशी, की उण्याचं चिन्ह बाहेर काढून ठेवा. आत राहिलेल्या सव्वादोन आणि एक पूर्णांक दोन तृतीयांश यांची साधी बेरीज करा. शेवटी चिन्ह पुन्हा लावा.

पूर्णांक २ + १ = ३
अपूर्णांक ३/१२ + ८/१२ = ११/१२
मिळून ३ ११/१२. चिन्ह लावून −३ ११/१२.

दुसरी रीत अंशाधिक अपूर्णांकाची. २ १/४ म्हणजे ९/४, १ २/३ म्हणजे ५/३. समच्छेद करून −२७/१२ आणि −२०/१२. मिळून −४७/१२, म्हणजेच −३ ११/१२. इथेही तीच ठेच लागते. मुलं उणे दोन गुणिले चार म्हणजे उणे आठ, त्यात एक मिळवून उणे सात, म्हणून −७/४ लिहितात. चार दुणे आठ आणि एक नऊ असं आधी चिन्हाशिवाय करायचं, उणे मागाहून लावायचं.

छेद वेगळे का जुळवायचे, ते नुसतं सांगून माझ्या मुलीला पटत नव्हतं. तिला ढेप दाखवली. एकीनं ढेपेचे चार वाटे केले, दुसरीनं तीन. चौथा वाटा आणि तिसरा वाटा सारखा नाही, मग एकत्र मोजायचे कसे? ढेपेच्या सारख्या बारा फोडी करायच्या. पाव म्हणजे त्यातल्या तीन फोडी, दोन तृतीयांश म्हणजे आठ, अर्धी म्हणजे सहा. आता सगळ्या फोडी सारख्या, खुशाल मोजा. कोठीतल्या माझ्या तीन नोंदींच्या अशा सतरा फोडी होत्या, म्हणजे एक ढेप आणि पाच फोडी.

आणि उत्तर आल्यावर एक क्षण थांबून अंदाज घ्यायचा. दोन देणी एकत्र केली की देणं वाढतं. उणे दोनच्या पलीकडचं आणि उणे एकच्या पलीकडचं मिळवलं तर उत्तर उणे तीनच्या पलीकडेच जायला हवं. अलीकडे आलं तर कुठेतरी घसरलंय. मुलांना सरावाला एक देते: −१ ५/६ + (−२ ३/८). लसावि २४ येईल आणि उत्तर −४ ५/२४. उणे तीनच्या पलीकडे आहे ना?

हे गणित परकं आहे असंही समजू नका. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, आपल्या दिगंबर परंपरेतल्या महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह हा संस्कृत ग्रंथ लिहिला. साधारण इसवी सन ८५० चा काळ. त्यात अपूर्णांकांसाठी मोठं प्रकरण आहे, त्याला कलासवर्ण म्हणतात. छेद जुळवताना आज आपण ज्याला लसावि म्हणतो, ती कल्पना त्यांनी निरुद्ध या नावानं वापरली आहे. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे, की पूर्णांकाला अपूर्णांक जोडलेला असेल तर त्याला भागानुबंध म्हणायचं, आणि पूर्णांकातून अपूर्णांक काढलेला असेल तर भागापवाह. म्हणजे आपल्या सव्वाचं घराणं वेगळं आणि पावणेचं वेगळं. या ग्रंथाची हिंदी अनुवादासह आवृत्ती सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघानं १९६३ मध्ये जीवराज जैन ग्रंथमालेत काढली आहे. साडेअकराशे वर्षांपूर्वी ज्यांनी हे दोन वेगळे करून ठेवले, त्यांच्याच परंपरेतल्या मी, ते एक करून बसले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आणि खरं सांगते, पहिला विचार चांगला आला नाही. गूळ केव्हाच संपला होता. विषय कुणी काढत नव्हतं. मी बोलले नसते तर हे कुणाला कधीही कळलं नसतं. किल्ली माझ्याच खणात होती.

मग तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आठवला. पर्वात आम्ही रोज एक अध्याय ऐकतो. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आहे, खोटं लिहिणं. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापं आहेत. मी स्वतःला समजावलं, की हे सगळं मुद्दाम करणाऱ्यासाठी आहे, मी काही मुद्दाम केलं नाही. पण हिंसेची व्याख्या त्याच अध्यायात आहे आणि तिथे प्रमाद आहे. बेसावधपणा. कच्च्या कागदावरची बेरीज एकदाही पुन्हा न तपासणं, आणि एका बाईकडे सगळ्या बघत असताना वही मांडीवर घेऊन गप्प बसणं, याला दुसरा शब्द नाही.

क्षमावाणीला आठवडा होता. तेव्हा सगळ्या एकमेकींना क्षमा मागतातच, त्यात हेही मागून टाकावं असंही मनात आलं. पण त्या दिवशी आपण सरसकट मागतो, कळत-नकळत जे झालं असेल त्याची. हे नकळत राहिलं नव्हतं. सकाळी दर्शन करून वही घेतली आणि आक्कांच्या दारात गेले.

त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी वही उघडली आणि सांगायला सुरुवात केली. "आक्का, माझी बेरीज चुकली होती. गूळ गेलाच नव्हता. पण त्या दिवशी बैठकीत बाकीच्यांनीही..."

आक्कांनी हात वर केला. "पण नको. आधी आकडे सांग."

मी आकडे सांगितले. त्यांनी डोळे मिटून मोजले. "सव्वादोन आणि साडेतीन, पावणेसहा. त्यात एक घातली, पावणेसात. आणि वर तीन वाट्यांतले दोन वाटे. म्हणजे सातच्या वर. सव्वासातपेक्षा जास्त, साडेसातपेक्षा कमी. आणि अख्ख्या अकरा. साडेअठराच्या आत काहीतरी." डोळे उघडले. "तू किती धरले होतेस?"

"साडेपंधरापेक्षा थोडे जास्त."

त्या काही बोलल्या नाहीत. सुपातले दोन खडे काढून बाजूला ठेवले. माझ्याच्यानं राहवेना. मी पाया पडले, म्हटलं, "आक्का, मला क्षमा करा."

"क्षमा मी त्याच दिवशी केली होती," त्या म्हणाल्या. "नाहीतर माझा जाप कसा झाला असता? माझ्यापुरतं ते मिटलं. पण चूक वहीत झाली आणि बोलणं बैठकीत झालं. वहीतली वहीत दुरुस्त कर. बैठकीतली बैठकीत."

मी त्यांना म्हणणार होते, की मी एकेकीला घरी जाऊन सांगेन. तेच मला सोपं होतं. पण ते बोलले नाही.

क्षमावाणीच्या आदल्या दिवशी मंडळ जमलं होतं. मी उभी राहिले. वही दाखवली, कच्चा कागद दाखवला आणि गणित फळ्यावर लिहिलं. मधे एकदा "तेव्हा घाई होती" असं तोंडात आलं होतं, ते गिळलं. देणं सांगताना त्याच्या मागे आपल्या बाजूचा एक पाव जोडायचा, की तेवढंच ओझं कमी, हीच तर माझी वहीतली चूक होती. म्हणून एवढंच म्हटलं, की गेल्या कार्तिकात कोठीतून गूळ गेला नव्हता, माझी बेरीज चुकली होती, आणि आक्कांवर जो संशय आला तो माझ्यामुळे आला.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ज्या वहिनींनी "किल्ली एकाच हातात नसावी" असं म्हटलं होतं, त्या उठून आक्कांजवळ जाऊन बसल्या. एकीनं विचारलं, "मग बारा कुठून आला?" ते पुन्हा एकदा फळ्यावर सांगितलं. दोघीतिघींनी आपल्या मुलांच्या वह्यांसाठी उतरून घेतलं.

मी किल्ली आक्कांसमोर ठेवली. त्यांनी घेतली नाही. म्हणाल्या, "आता गुडघे दुखतात, कोठीच्या दोन पायऱ्या होत नाहीत." खरंच दुखतात की काय, मी विचारलं नाही. विचारायचा अधिकार मला राहिलेला नाही. किल्ली आता मंडळातल्या दुसऱ्या एका ताईंकडे आहे. वही मात्र माझ्याकडेच ठेवा असं आक्काच म्हणाल्या, "आता ही चुकायची नाही." मी पुन्हा जुने दोन रकाने आखले, डावीकडे जमा, उजवीकडे नावे, आणि प्रत्येक पानाखाली दोन सह्या. पूर्णांकांचा अंदाज आधी पेन्सिलीनं लिहायचा, मगच बेरीज. तुमच्याकडेही मंडळाची वही कुणा एकीच्याच हाती असेल तर हे करून पाहा. संशय माणसावर येण्याआधी बेरजेवर येऊ दे.

परवा पौर्णिमेला आम्ही कोठीतला गूळ मोजत होतो. मी आकडे वाचत होते. मागून आवाज आला, "पुन्हा वाच. पावणेपाच म्हणालीस की सव्वापाच?" आक्का उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. आत आल्या नाहीत. मी पुन्हा वाचलं. त्यांनी मनाशी मोजून मान हलवली आणि गेल्या.

सासूबाईंनी आता नातीला पावकी शिकवायला घेतली आहे. रोज दिवेलागणीला एक पाढा. मीही बाजूला बसून म्हणते.

तुम्हा सगळ्यांना उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.